सल्लागार नेमण्यापूर्वी: लहान कारखान्याने करायचा विचार आणि हिशेब

लहान उद्योगात सल्लागार नेमण्याचा विषय बहुधा अडचणीच्या दिवसांत निघतो. मोठ्या ग्राहकाने माल परत पाठवलेला असतो किंवा सीसीच्या (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जमर्यादेच्या) नूतनीकरणाच्या वेळी बँकेने नको ते प्रश्न विचारलेले असतात, आणि ओळखीतला कोणीतरी एका अनुभवी माणसाचा नंबर देतो. अशा घाईत झालेली नेमणूक क्वचितच फळते, कारण त्या माणसाला नेमके काय विचारायचे आहे हेच मालकाने ठरवलेले नसते. पुढील विवेचनासाठी कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत आढळतो तसा, महिन्याला ६० टन कास्टिंग (वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतून केलेले भाग) काढणारा एक लहान फाउंड्री (ओतकाम) कारखाना डोळ्यांसमोर ठेवला आहे. त्यातील रकमा उदाहरणादाखल घेतल्या आहेत. हिशेबाची रीत मात्र मसाल्याच्या, कापडाच्या किंवा सुट्या भागांच्या धंद्यालाही तशीच लावता येते.

गरज कशाची आहे हे आधी ठरवावे

'आम्हाला सल्लागार हवा' असे म्हणणाऱ्या मालकाला प्रत्यक्षात चार वेगवेगळ्या गोष्टींपैकी एखादी हवी असते, आणि त्यांतील एकीसाठीच सल्लागार हा योग्य उपाय असतो.

पहिली गोष्ट म्हणजे कायद्याने लागणारी सही. धंद्याची वार्षिक उलाढाल १ कोटी रुपयांच्या वर गेली की प्राप्तिकर कायद्याखालील लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. रोखीने आलेली आणि रोखीने दिलेली रक्कम प्रत्येकी एकूण व्यवहाराच्या ५ टक्क्यांच्या आत असेल, तर ही मर्यादा १० कोटी रुपये आहे. ते काम व्यवसायात असलेल्या सीएनेच करायचे असते. येथे नेमावे की नेमू नये हा प्रश्नच उद्भवत नाही. कोणाला नेमावे आणि किती शुल्क द्यावे एवढेच ठरवायचे असते.

दुसरी गोष्ट म्हणजे कामाला हात. दर महिन्याला जीएसटीची विवरणपत्रे भरणे, खरेदीची बिले जुळवणे, ग्राहकाकडे थकलेल्या रकमांचा पाठपुरावा करणे ही कामे कधीच संपत नाहीत. दर आठवड्याला करावेच लागणारे काम महिन्यातून दोनदा येणाऱ्या माणसावर सोपवले, तर ते तुंबते आणि मानधन मात्र नियमित द्यावे लागते. अशा कामासाठी पूर्ण किंवा अर्धवेळ कर्मचारी ठेवावा, नाहीतर ते काम ठरावीक दराने बाहेर द्यावे.

तिसऱ्या गोष्टीविषयी उघडपणे कोणी बोलत नाही. निर्णय काय घ्यायचा हे मालकाला ठाऊक असते, पण तो घेण्याचा धीर होत नाही, किंवा दोन भावांचे अथवा बाप-लेकांचे एकमत होत नाही, आणि मग तिसऱ्याच्या तोंडून तो निर्णय वदवून घ्यावा असे वाटू लागते. तोट्यात चाललेला विभाग बंद करणे, जुन्या फोरमनला निवृत्त करणे, पैसे बुडवणाऱ्या ग्राहकाचे काम थांबवणे ही अशा निर्णयांची नेहमीची उदाहरणे आहेत. या कामासाठी मागवलेला अहवाल कितीही उत्तम असला तरी ज्याच्या विरोधात तो जातो त्याला पटत नाही, आणि काही महिन्यांनी तो टेबलाच्या खणात सापडतो. घरातील वाद घरातल्या किंवा दोघांच्याही विश्वासातल्या वडीलधाऱ्या माणसासमोर मिटवावा. त्यासाठी शुल्क भरून परका माणूस आणल्यास वाद तर राहतोच, शिवाय घरातली गोष्ट चारचौघांत जाते.

चौथी गोष्ट म्हणजे कारखान्यात कोणालाच नसलेले ज्ञान, तेही काही काळापुरते लागणारे. कास्टिंगमध्ये ब्लो होल (आत अडकलेल्या वायूची छिद्रे) का पडतात, नव्या ग्राहकाच्या पुरवठादार-तपासणीत कोणत्या नोंदी मागितल्या जातील, निर्यातीसाठी पॅकिंग व कागदपत्रांची घडी कशी बसवावी, असे हे प्रश्न असतात. सल्लागाराची जागा येथे आहे. म्हणून 'हे काम सहा महिन्यांनी संपेल का, आणि संपल्यावर आमच्या माणसांना ते जमेल का?' असे स्वतःला विचारून पाहावे. दोन्हींचे उत्तर होकारार्थी आले तरच पुढे जावे.

बोलावण्याआधी सहा ते आठ आठवड्यांची नोंद

फाउंड्रीचा मालक 'आमचे रिजेक्शन फार आहे', म्हणजे दोषामुळे बाद होणारा माल फार आहे, असे सांगतो, तेव्हा त्या वाक्याचा सल्लागाराला जवळजवळ काहीच उपयोग नसतो. ते फार म्हणजे किती, कोणत्या मालात, कोणत्या दोषामुळे आणि कोठे लक्षात आलेले, हे कळल्याशिवाय पुढचे पाऊल टाकता येत नाही. ही माहिती गोळा करण्यासाठी बाहेरच्या माणसाची आवश्यकता नसते. फेटलिंगच्या जागी (कास्टिंग साफ करून जास्तीचे लोखंड काढतात तेथे) एक वही ठेवून तीत तारीख, हीट क्रमांक (भट्टीची कितवी वितळण), पॅटर्न (साच्याचा नमुना) किंवा भागाचे नाव, दोषाचा प्रकार, पाळी आणि वजन एवढ्या रकान्यांत प्रत्येक टाकाऊ नगाची नोंद करावी. ग्राहकाच्या मशीन शॉपमध्ये कापणीनंतर उघड झालेला दोष वेगळ्या पानावर लिहावा, कारण त्याचा खर्च वेगळा असतो: कास्टिंग परत येते आणि त्यासोबत मशिनिंगच्या खर्चाची डेबिट नोटही (आपल्याकडून वसूल करायच्या रकमेचा कागद) येते.

ही वही सलग लिहिली गेल्यावर बरेचदा असे दिसते की संपूर्ण रिजेक्शनचा मोठा भाग दोन-तीन भागांतूनच येतो आहे, किंवा तो रात्रपाळीत वाढतो आहे, किंवा पावसाळ्यात वाळूतील ओलावा वाढल्यापासून सुरू झाला आहे. काही वेळा प्रश्न येथेच सुटतो. वाळू उघड्यावर पडलेली असते, ती शेडखाली घेतली जाते, आणि सल्लागाराला करायचा फोन करावा लागत नाही. तसे झाले नाही तरी आता त्याच्यासमोर ठेवायचा प्रश्न तयार झालेला असतो: 'अमुक दोन भागांत, तिसऱ्या हीटनंतर, ब्लो होलचे प्रमाण एवढे आहे, ते का, आणि ते कसे कमी करावे?' एवढा प्रश्न घेऊन आलेल्या ग्राहकाला चांगला सल्लागार वेगळ्या गांभीर्याने वागवतो. प्रश्नच नसलेल्या ग्राहकाकडे त्याचे पहिले दोन महिने हीच वही भरून घेण्यात जातात, आणि त्याचे शुल्क मालक देतो.

नोंद ठेवायला वेळ नाही असे ज्याला वाटते, त्याने सल्लागार नेमूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. सल्ला अमलात आणायला याहून कितीतरी अधिक वेळ लागतो.

जे मोफत किंवा अल्प खर्चात मिळते ते आधी पाहावे

उद्यम नोंदणी (उद्योगाची सूक्ष्म, लघु किंवा मध्यम म्हणून होणारी सरकारी नोंद) जुलै २०२० पासून पूर्णपणे ऑनलाइन व स्वयंघोषणेवर आधारित आहे आणि शासन तिच्यासाठी कोणतेही शुल्क घेत नाही. तरीही तिच्यासाठी हजार-दोन हजार रुपये घेणारे मध्यस्थ जागोजागी आहेत, आणि त्यांची काही संकेतस्थळे तर सरकारीच वाटावीत अशी सजवलेली असतात. हे काम मालकाने किंवा त्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने करावे.

अन्नप्रक्रियेचा धंदा करणाऱ्यांसाठी २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत भांडवली खर्चाच्या ३५ टक्के आणि कमाल १० लाख रुपयांचे कर्जसंलग्न अनुदान आहे. अर्ज भरणे, प्रकल्प अहवाल तयार करणे आणि बँकेकडे पाठपुरावा करणे यांसाठी या योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती नेमल्या गेल्या, आणि त्यांचे मानधन शासन देते. अर्जदाराने ते द्यायचे नसते. बाहेरून विकत घेतलेल्या प्रकल्प अहवालाविषयी येथेच सांगून ठेवतो. शाखेत बसून उत्तरे मालकाला द्यावी लागतात, अहवाल लिहिणाऱ्याला नव्हे. विक्रीचा आकडा दुसऱ्या वर्षी दुप्पट कसा झाला हे स्वतःला सांगता येत नसेल, तर तो अहवाल कितीही सुबक बांधणीचा असो, त्याने नुकसानच होते.

कारखान्याची मांडणी, वाया जाणारा वेळ, साठून राहिलेला माल अशा प्रश्नांसाठी केंद्र शासनाने मार्च २०२३ मध्ये नव्या स्वरूपात आणलेली लीन योजना आहे. तीत सल्लागाराच्या शुल्काचा ९० टक्के भार केंद्र उचलते आणि उद्योगाने १० टक्के भरायचे असतात. गुणवत्तेसंबंधीच्या झेड प्रमाणपत्र योजनेत प्रमाणपत्राच्या शुल्कावर सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघुउद्योगाला ६० टक्के आणि मध्यम उद्योगाला ५० टक्के सवलत ठेवलेली आहे. योजनांच्या मुदती आणि निकष बदलत राहतात, त्यामुळे अर्जापूर्वी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन सद्यस्थिती विचारावी. या उद्योग केंद्रातले अधिकारी भट्टीतला दोष सांगणार नाहीत, पण कोणत्या खर्चात शासनाचा वाटा मिळू शकतो हे त्यांना ठाऊक असते.

धंद्यातलाच आणखी एक स्रोत म्हणजे कच्चा माल पुरवणाऱ्या कंपन्या. बेंटोनाइट, रेझिन किंवा कोटिंग (वाळू बांधून ठेवणारे आणि साच्याला लावायचे पदार्थ) विकणाऱ्या बऱ्याच कंपन्यांचे तांत्रिक प्रतिनिधी कारखान्यात येऊन वाळूचे नमुने तपासून देतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. त्यांचे ज्ञान खरे असते, मात्र त्यांच्या बहुतेक उत्तरांचा शेवट त्यांच्याच मालाच्या जास्त वापरात होतो. त्यांच्याकडून तपासणीचे आकडे घ्यावेत आणि निष्कर्ष आपण काढावा. ग्राहकाच्या गुणवत्ता विभागातले अभियंतेही मदत करतात. सततच्या पुरवठ्यात त्यांचाही स्वार्थ असतो.

हिशेब

आता आपला ६० टनांचा कारखाना घेऊ. रिजेक्शन ९ टक्के आहे आणि ते ६ टक्क्यांवर यावे अशी अपेक्षा आहे. फरक ३ टक्क्यांचा, म्हणजे महिन्याला १.८ टन किंवा १,८०० किलो. येथे बहुतेक मालक या १,८०० किलोला विक्रीच्या दराने गुणतात, आणि सल्लागारही तोच आकडा आनंदाने दाखवतो. तो खरा नाही. टाकाऊ कास्टिंग पुन्हा भट्टीत जाते. त्यातले लोखंड बहुतांशी परत मिळते. वाया जाते ती वीज, वितळताना होणारी घट, मोल्डिंग (साचा करणे) आणि कोअर (पोकळ भागासाठी साच्यात ठेवायचा गाभा) यांचे साहित्य, मजुरी आणि फेटलिंगचा खर्च. हा खर्च किलोमागे २५ रुपये धरला, तर महिन्याची बचत ४५,००० रुपये होते. ग्राहकाकडून परत येणाऱ्या मालाची किंमत याहून बरीच अधिक असते. ती डेबिट नोटांची बेरीज करून वेगळी मांडावी.

खर्चाची बाजू अशी: सहा महिने, महिन्याला दोन भेटी, भेटीमागे १५,००० रुपये, म्हणजे १,८०,००० रुपये. वाळू तपासणीची साधी उपकरणे, चाचणीसाठी ओतलेला माल आणि सुपरवायझरचा वेळ यांसाठी आणखी ६०,००० रुपये धरू. एकूण २,४०,००० रुपये झाले. सल्ल्याच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. नियमित पद्धतीने कर भरणाऱ्याला त्याची वजावट मिळते, म्हणून तो येथे धरलेला नाही. कंपोझिशन योजनेत (उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरण्याच्या) असलेल्याला ती मिळत नाही, त्याने तो खर्चातच मिळवावा.

सर्व काही मनासारखे घडले, तर ही रक्कम साडेपाच महिन्यांच्या आत वसूल होते. सर्व काही मनासारखे घडत नाही, म्हणून अपेक्षेच्या निम्माच फायदा होईल असे धरावे: महिन्याला २२,५०० रुपये आणि वसुलीला जवळपास अकरा महिने. निम्म्या फायद्यातही खर्च वर्षभरात भरून निघत असेल तर नेमणूक करावी, अशी कसोटी मी सुचवतो. हाच हिशेब महिन्याला १५ टन काढणाऱ्या कारखान्याला लावून पाहावा. निम्मा फायदा ५,६२५ रुपये येतो आणि २,४०,००० रुपये वसूल व्हायला साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागतो. दोष तोच, टक्केवारी तीच, आणि तरीही या लहान कारखान्याने सहा महिन्यांची नेमणूक करणे परवडत नाही. त्याने एकाच दिवसाची भेट आणि त्यावर लेखी टिपण असे काम द्यावे, वाळूचे नमुने बाहेर तपासून घ्यावेत, किंवा शेजारच्या दोन-तीन कारखान्यांनी मिळून एक माणूस बोलवावा.

यंत्र घेण्यापूर्वी मात्र थांबू नये

वरील सावधपणाला एक मोठा अपवाद आहे. परत फिरवता येणार नाही असा खर्च समोर असेल, तर स्वतंत्र जाणकाराचे मत आधी घ्यावे आणि त्यासाठी घासाघीस करू नये. नवी इंडक्शन (विजेवर चालणारी) भट्टी, एमआयडीसीत नव्या भूखंडावरची शेड, स्वयंचलित मोल्डिंग यंत्र हे असे खर्च आहेत. भट्टी घेतली की वीजजोडणीचा मंजूर भार, ट्रान्सफॉर्मर, पाण्याचे शीतकरण आणि क्रेनची उंची हे सगळे तिच्यामागून येते, शिवाय महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातील उत्पादनक्षमता बदलून घ्यावी लागते. भट्टी विकणारा यांतले जेवढे विचाराल तेवढेच सांगतो. यंत्राच्या किमतीच्या एक-दोन टक्के रक्कम देऊन, विक्रेत्याशी काहीही संबंध नसलेल्या अभियंत्याकडून कोटेशन तपासून घेतले, तर भट्टी आली पण भार मंजूर नाही म्हणून ती महिनोन्‌महिने झाकून ठेवण्याची वेळ सहसा येत नाही. हे मत बयाणा देण्यापूर्वी घ्यायचे असते. बयाणा दिल्यानंतर बोलावलेला माणूस आपला व्यवहार योग्यच होता एवढेच ऐकवण्यासाठी बोलावलेला असतो.

माणूस निवडताना

पुणे, कोल्हापूर, सांगली या पट्ट्यातले पुष्कळ तांत्रिक सल्लागार मोठ्या कारखान्यांतून निवृत्त झालेले अधिकारी असतात. त्यांचा अनुभव अस्सल असतो, पण तो ज्या व्यवस्थेत आला तिथे स्वतंत्र प्रयोगशाळा, देखभाल विभाग आणि हाताखाली पाच-सहा अभियंते होते. म्हणून 'आपण आमच्याएवढ्या कारखान्यात काय केले?' हा प्रश्न विचारावा आणि त्या कारखान्याच्या मालकाशी स्वतः बोलावे. सल्लागाराने दिलेल्या नावांपलीकडे एखादा जुना ग्राहक आपल्या ओळखीतून शोधून त्यालाही विचारावे. विचारायचे ते एवढेच: ते गेल्यानंतर सहा महिन्यांनी काय टिकले?

पहिल्या भेटीत तो किती बोलतो यापेक्षा किती विचारतो याकडे लक्ष द्यावे. वही न पाहता, भट्टीपर्यंत न जाता, कार्यालयात चहा घेता घेता उपाय सांगणारा माणूस टाळावा. 'रिजेक्शन तीन टक्क्यांवर आणून देतो' अशी हमी देणाराही टाळावा, कारण भट्टी, वाळू आणि माणसे त्याच्या हातात नसतात. यंत्रविक्रेत्याकडून किंवा पुरवठादाराकडून त्याला कमिशन मिळते का, हे संकोच न करता विचारावे आणि मिळालेले उत्तर करारात लिहून घ्यावे. अनुदान मंजूर करून देण्यासाठी मंजूर रकमेच्या टक्केवारीत शुल्क मागणाऱ्यांशी तर व्यवहारच करू नये.

करार

दोन पानांचा करार पुरेसा असतो, पण त्यात कामाचा आवाका नेमका असावा. 'उत्पादन सुधारणेसाठी मार्गदर्शन' असे लिहिण्याऐवजी कोणत्या भागांतला कोणता दोष, आजचे प्रमाण किती, किती भेटी, प्रत्येक भेटीनंतर किती दिवसांत लेखी टिपण, आणि आमच्या कोणत्या दोन माणसांना कोणती चाचणी शिकवायची, हे लिहावे. शुल्काचे तीन किंवा चार हप्ते पाडावेत आणि शेवटचा हप्ता शिकवणे पूर्ण झाल्यावरच द्यावा. कोणत्याही पक्षाला पंधरा दिवसांची सूचना देऊन करार संपवता यावा. आपली रेखाचित्रे, ग्राहकांची नावे आणि दर बाहेर जाणार नाहीत हे कलम अवश्य घालावे, कारण हाच माणूस पुढच्या वर्षी शेजारच्या कारखान्यात असण्याची शक्यता असते.

पैसे देताना दोन नियम सांभाळावे लागतात. वर्षभरात एकाच सल्लागाराला दिलेले व्यावसायिक शुल्क ५०,००० रुपयांच्या वर गेले, तर कंपनीने आणि भागीदारी संस्थेने १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा प्राप्तिकर) कापायचा असतो. ही मर्यादा एप्रिल २०२५ पूर्वी ३०,००० रुपये होती. एकट्या मालकाच्या धंद्याला हा नियम आधीच्या वर्षाची उलाढाल १ कोटी रुपयांपेक्षा अधिक असेल तर लागू होतो. दुसरा नियम मुदतीचा आहे. सल्लागार स्वतः सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असल्यास कमाल ४५ दिवसांत त्याचे पैसे द्यावे लागतात. ही मुदत चुकली, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी प्राप्तिकरात वजा मिळतो, आणि मार्चअखेर थकलेली बिले अशा वेळी महागात पडतात.

काम सुरू झाल्यावर

कारखान्यातील एका माणसाकडे हे काम सोपवावे आणि सल्लागाराच्या भेटीच्या दिवशी त्याला दुसरे काम देऊ नये. फोरमनला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्यावे. आपल्या पाठीमागे आपल्या चुका शोधल्या जात आहेत असे त्याला वाटले, तर सल्ला कागदावरच राहतो, कारण वाळूत काय मिसळायचे हे शेवटी तोच ठरवतो. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस नोंदवही उघडून आकडे पाहावेत. काहीच हलले नसेल, तर सांगितलेल्या गोष्टी आपण केल्या का हे आधी तपासावे. केल्या असतील आणि तरीही फरक नसेल, तर करार तेथेच थांबवावा. शेवटच्या भेटीत वाळूचा ओलावा आणि परमिएबिलिटी (वायू बाहेर जाऊ देण्याची क्षमता) यांची चाचणी सल्लागाराने न करता आपल्या दोन माणसांनी त्याच्यासमोर करावी, आणि तो गेल्यानंतर पुढचे तीन महिने तीच वही, त्याच रकान्यांसह, दररोज भरली जात आहे ना हे मालकाने आठवड्यातून एकदा स्वतः पाहावे.